रिकॉइल स्प्रिंग: कधी तपासावी, कधी बदलावी

पिस्तूल साफ करायचे म्हटले की बहुतेकांचा हात आधी नळीकडे जातो. नळीतून फडके फिरले, बाहेरून तेलाचा हात दिला, की काम झाले. नळीच्या खाली किंवा नळीभोवती बसलेली रिकॉइल स्प्रिंग मात्र पिस्तूल घेतले त्या दिवशी होती तीच राहते. आपल्याकडे तो दिवस कधीकधी आजोबांच्या काळातला असतो. खासगी मालकांसाठी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद झाली. त्यामुळे वेब्ली, वॉल्थर, ब्राउनिंग अशी .३२ बोअरची जुनी पिस्तुले वारशाने किंवा विक्रीने एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर जात राहिली. त्यांच्याबरोबर कारखान्यात बसवलेली स्प्रिंगही गेली. चांगली ठेवलेली नळी दोन पिढ्या सहज काढते. स्प्रिंगकडून ती अपेक्षा करू नये. तो ठरावीक काळाने बदलायचाच भाग आहे.

रिव्हॉल्व्हरवाल्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल. कानपूरच्या ‘निर्भीक’ला मागेपुढे सरकणारी स्लाइडच नाही, म्हणून ही स्प्रिंगही नाही.

पिस्तूलवाल्यांचे मात्र दोन वर्ग आहेत आणि दोघांना एकच सल्ला देऊन भागत नाही. पहिला वर्ग खेळाडूंचा. बालेवाडीच्या किंवा वरळीच्या रेंजवर रोज सराव करणाऱ्यांची स्प्रिंग वापराने थकते, म्हणून त्यांनी मोजायच्या त्या झाडलेल्या गोळ्या. दुसरा वर्ग संरक्षणासाठी परवाना घेतलेल्यांचा. त्यांच्या पिस्तुलातून वर्षाकाठी एखादा डबा काडतुसेही सुटत नाहीत. त्यांची स्प्रिंग थकत नाही, गंजते. त्यांनी मोजायचे ते पावसाळे. गोळ्यांच्या हिशेबाचे परदेशी सल्ले या दुसऱ्या वर्गाने वाचले की ‘आपण कुठे दोन हजार गोळ्या झाडल्या’ म्हणून तो निश्चिंत होतो, आणि नेमके तिथेच चुकते.

स्प्रिंग नेमके काय करते

गोळी सुटते तेव्हा स्लाइड मागे फेकली जाते. जाताना ती रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकते, हॅमर असेल तर तो चढवते आणि स्प्रिंग दाबत जाते. मागच्या टोकाला पोचून थांबली की दाबलेली स्प्रिंग तिला पुढे ढकलते. पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधले वरचे काडतूस सोलून काढते, चेंबरमध्ये बसवते आणि स्वतः पूर्ण बंद होते. स्प्रिंगची कामे त्यामुळे दोन आहेत. मागे जाणाऱ्या स्लाइडचा वेग खायचा आणि पुढे येणाऱ्या स्लाइडला पुरेसा जोर द्यायचा. स्प्रिंग ढिली पडली की पहिल्या कामात फ्रेमला मार बसतो आणि दुसऱ्या कामात काडतूस अर्धवट बसते. गरजेपेक्षा कडक असली तर पहिले काम इतके चोख होते की स्लाइड पुरती मागे जातच नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. .३२ बोअरची बहुतेक पिस्तुले ब्लोबॅक पद्धतीची असतात, म्हणजे गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात. तिथे दाब उतरेपर्यंत मागचे तोंड मिटून धरण्याचे काम मुख्यतः स्लाइडचे वजन करते, स्प्रिंगचा वाटा त्यात थोडा असतो. ‘जास्त कडक स्प्रिंग घातली की जास्त दाबाचे काडतूस चालेल’ हा हिशेब म्हणूनच धोक्याचा आहे. पिस्तूल ज्या काडतुसासाठी घडवले आहे तेच त्याला द्यावे.

१९११ मॉडेलच्या .४५ पिस्तुलात किंवा ग्लॉकमध्ये नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकून बरोबरच मागे सरकतात, थोडे अंतर गेल्यावर नळी खाली झुकते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. जॉन ब्राउनिंगची ही रचना अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारली. आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे लष्करी ९ मिमी पिस्तूल ज्या हाय-पॉवरवरून घेतले, त्याचा उगमही ब्राउनिंगच्याच कामात आहे. त्या पिस्तुलाची स्प्रिंग बदलणे हे आर्मररचे काम, वाचकांपैकी ते कोणाच्या घरी असण्याचे कारण नाही.

आकड्यांचा अर्थ

स्प्रिंगच्या पाकिटावर पौंडात आकडा असतो. पाच इंची नळीच्या .४५ बोअर १९११साठी नेहमीचा आकडा १६ पौंड, म्हणजे सुमारे ७.३ किलो. नळी आखूड झाली की स्लाइड हलकी होते आणि तिला थांबायला जागाही कमी मिळते, म्हणून त्याच पिस्तुलाच्या कमांडर या आखूड आवृत्तीला १८ पौंड आणि त्याहून लहान ऑफिसर्स मॉडेलला २२ पौंडांच्या आसपासची स्प्रिंग लागते. हा आकडा स्प्रिंग मोकळी असतानाचा नसतो. स्लाइड पूर्ण मागे गेल्यावर स्प्रिंग जितकी दबते, तितकी दाबली असता ती किती जोर लावते, त्याचा तो आकडा असतो. म्हणून दोन कंपन्यांच्या स्प्रिंगा टेबलावर शेजारी ठेवून ‘ही लांब, म्हणून ही कडक’ असे म्हणता येत नाही. तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या वेगळी असली की आखूड स्प्रिंगही जास्त जोराची निघते. लांबीची तुलना करायची तर त्याच कंपनीच्या, त्याच आकड्याच्या कोऱ्या स्प्रिंगशी करावी.

बदलायची कधी? पूर्ण मापाच्या १९११साठी अमेरिकेत दोन ते तीन हजार गोळ्यांचा ठोकताळा रूढ आहे. आखूड पिस्तुलांची स्प्रिंग जास्त दाबली जाते, तिला त्याहून लवकर निरोप द्यावा. .२२च्या स्पर्धेच्या पिस्तुलांवर भार खूपच कमी असतो, त्यांच्या स्प्रिंगा जास्त टिकतात. तिथे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला आकडा पाळावा आणि शेजारच्या लेनवरच्या मित्राचा ऐकू नये. पुस्तिका हरवली असेल तर ती आधी मिळवा. ती मिळवण्याचा खर्च स्प्रिंगच्या किमतीहून कमी असतो.

स्प्रिंग खराब कशाने होते यावर बैठकीत बरेच वाद होतात. पोलादी तार तिच्या मर्यादेत दाबली तर सोडल्यावर पूर्ववत होते. पहिल्या काही दाबांत ती किंचित आखूड होते आणि मग बराच काळ तिथेच स्थिर राहते. म्हणून नवी स्प्रिंग शंभर गोळ्यांनंतर थोडी आखूड दिसली तर घाबरू नये. खरी झीज होते ती पुन्हा पुन्हा दबण्या-सुटण्याने. स्लाइड मागे अडकवून पिस्तूल रात्रभर ठेवले म्हणून चांगल्या स्प्रिंगचे फारसे बिघडत नाही, पण महिनोन्‌महिने तसे ठेवण्यातही काही फायदा नाही. आणि गंजाचा हिशेब या सगळ्यांहून वेगळा. तारेवर गंजाचा एक खड्डा पडला की ताण त्याच जागी एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. अशी स्प्रिंग हळूहळू थकत नाही, एके दिवशी तुटते.

उघडण्याआधी

हा भाग पाठ असला तरी वाचा. आधी मॅगझिन काढायचे, मगच स्लाइड मागे ओढायची. क्रम उलटा झाला तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी मॅगझिनमधले दुसरे चेंबरमध्ये जाऊन बसते आणि आपण पिस्तूल रिकामे समजतो. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा. काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. कामाच्या टेबलावर एकही काडतूस नको. ग्लॉकसारख्या काही पिस्तुलांची स्लाइड उतरवायला ट्रिगर दाबावा लागतो, आणि जगभर असे अपघात नेमके ‘रिकाम्या’ पिस्तुलाचा ट्रिगर दाबतानाच झाले आहेत. नळीचे तोंड त्या वेळी ज्या भिंतीकडे असेल तिच्यापलीकडे कोण बसते, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने आधी आठवावे.

डोळ्यांवर चष्मा हवा. साधा वाचायचा असला तरी नसण्यापेक्षा बरा, पण कारखान्यात वापरतात तसा संरक्षक चष्मा हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. दाबलेली स्प्रिंग निसटली तर डोळा जातो, आणि डोळा वाचलाच तर स्प्रिंग कपाटामागे जाते. १९११च्या स्लाइडच्या पुढच्या टोकाला, नळीच्या अगदी खाली, एक टोपीसारखा प्लग असतो. नळीच्या तोंडाभोवतीचे बुशिंग फिरवले की तो सुटतो आणि त्याच्यामागे दाबलेली स्प्रिंग सारी मोकळी होते. त्या प्लगवर अंगठा घट्ट ठेवूनच बुशिंग फिरवायचे आणि स्प्रिंग सावकाश बाहेर येऊ द्यायची. एफएनच्या १९१०च्या रचनेत स्प्रिंग नळीभोवतीच असते आणि पुढचे कडे फिरवल्यावर सुटते. तिथेही अंगठ्याचा नियम तोच. वॉल्थर पीपी आणि पीपीके यांची स्प्रिंगही नळीभोवती असते आणि तिचे एक टोक दुसऱ्याहून अरुंद असते. कोणते टोक कुठल्या बाजूला होते याचा स्प्रिंग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. पुढे आठवेल असे वाटते, आठवत नाही.

काय पाहायचे

स्प्रिंग बाहेर आली की आधी कोरड्या फडक्याने पुसा. जुने तेल आणि बारूदाची काजळी मिळून जो काळा चिकटा होतो, तो घासल्याशिवाय तार दिसत नाही. मग उजेडात धरून वेढा वेढा पाहा. लालसर ठिपके पुसून गेले आणि खाली तार गुळगुळीत राहिली तर तो वरवरचा गंज. नखाला खड्डा लागला तर स्प्रिंग बाद, तिच्यावर पॉलिश पेपर चालवण्यात अर्थ नाही.

काचेवर ठेवून स्प्रिंग गडगडवा. ती डुगडुगत चालली तर कुठेतरी वाकली आहे. वेढ्यांमधले अंतर बघा. एखाद्या ठिकाणी दोन वेढे एकदम जवळ आणि पुढे मोठी फट असेल तर तिथे तार हरली आहे. एका बाजूला आरशासारखी चमकणारी पट्टी दिसली तर स्प्रिंग तिच्या आतल्या गाइड रॉडवर किंवा फ्रेमवर घासते आहे. रॉडही तपासा, वाकलेला किंवा खरवडलेला रॉड नव्या स्प्रिंगलाही सुखाने जगू देणार नाही. ग्लॉकच्या आजच्या मॉडेलांत आणि इतर अनेक पिस्तुलांत स्प्रिंग आणि रॉड एकत्रच येतात. तो जोड उघडायचा नसतो, अखंड बदलायचा असतो. ग्लॉकने २०१० साली चौथी पिढी आणताना दुहेरी स्प्रिंग घातली आणि पुढच्याच वर्षी विकलेल्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा स्वतःहून बदलून दिल्या. एवढ्या मोठ्या कारखान्यालाही स्प्रिंगचे गणित पहिल्या फटक्यात जमतेच असे नाही.

जोडल्यावर करायची एक साधी परीक्षा आहे. पिस्तूल रिकामे असल्याची पुन्हा खात्री करा. स्लाइड पूर्ण मागे ओढा, ट्रिगर दाबून धरा, नळीचे तोंड वर आणि सुरक्षित दिशेला करून स्लाइड हाताने धरून अगदी सावकाश पुढे सोडा. स्लाइडच्या वजनाविरुद्ध स्प्रिंगने ती पूर्ण बंद केली पाहिजे. शेवटचे काही मिलिमीटर राहिले तर स्प्रिंग थकली आहे, किंवा पिस्तूल घाण आहे. आधी स्वच्छ करून पुन्हा बघा. ही परीक्षा ग्लॉकच्या आर्मररांची आहे आणि तशा रचनेच्या पिस्तुलांना ती लागू पडते. हॅमर असलेल्या जुन्या पिस्तुलांत ट्रिगर न दाबता, हॅमर चढलेला ठेवून स्लाइड पूर्ण मिटते का एवढे पाहिले तरी पुरे.

पिस्तूल चालवताना दिसणाऱ्या खुणा त्याहून बोलक्या. पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब जाऊन पडू लागल्या, हाताला धक्का तीव्र वाटू लागला, की स्प्रिंग ढिली होत चालली. पुंगळ्या पायाशीच पडू लागल्या किंवा स्लाइडच्या तोंडात उभ्या अडकू लागल्या, आणि तुम्ही नुकतीच नवी स्प्रिंग घातली असेल, तर ती काडतुसाच्या मानाने कडक आहे. स्लाइड बंद होता होता राहते आणि अंगठ्याने ढकलावी लागते, हे ढिल्या स्प्रिंगचे किंवा घाणीचे लक्षण. शेवटचे काडतूस नाक खाली घालून अडकत असेल किंवा मॅगझिन संपूनही स्लाइड मागे थांबत नसेल, तर दोष बहुधा मॅगझिनच्या स्प्रिंगचा आहे. लोक तिथे रिकॉइल स्प्रिंग बदलतात आणि तक्रार तशीच राहते. मॅगझिनांना नंबर टाकून ठेवले तर हे पाच मिनिटांत कळते. अडकणे एकाच नंबरच्या मॅगझिनमध्ये होत असेल तर पिस्तुलाला दोष देऊ नका. मनगट सैल धरणाऱ्या नवशिक्याच्या हातात चांगले पिस्तूलही अडकते. दुसऱ्या कोणाला चालवायला देऊन पाहिल्याखेरीज स्प्रिंगवर ठपका ठेवू नये.

खेळाडूला या खुणा न वाचण्याची किंमत जास्त मोजावी लागते. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात शेवटच्या टप्प्यात चार सेकंदांत पाच गोळ्या पाच लक्ष्यांवर जातात. तिथे स्लाइड एकदा अर्धवट बसली की ती मालिका विस्कटली. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले, ते बरोबरी सुटेना म्हणून दोनदा शूट-ऑफ होऊन. इतक्या बारीक फरकाने पदक ठरत असताना ‘अजून चालते आहे ना’ म्हणून जुनी स्प्रिंग घालून जाणे मला पटत नाही. आणि मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवी घालून जाणेही पटत नाही. नवी स्प्रिंग आधी सरावात चालवून बघावी, आपल्या नेहमीच्या काडतुसांच्या त्याच लॉटवर, आणि मग स्पर्धेला न्यावी. २५ मीटर पिस्तूलच्या एका पात्रता फेरीत ६० गोळ्या जातात. सरावाच्या वहीत तारखेपुढे गुण लिहिताच, त्याच ओळीत झाडलेल्या गोळ्यांचा आकडा टाकला की हिशेब आपोआप जमतो.

कोणती स्प्रिंग, कुठून

कारखान्याचा मूळ आकडा सोडू नका, हा माझा आग्रह आहे. अमेरिकेत हलकी काडतुसे वापरणारे स्पर्धक १९११मध्ये १२-१४ पौंडांची स्प्रिंग घालतात, ते त्यांच्या काडतुसाला जुळते म्हणून. दुसरीकडे ‘फ्रेम वाचेल’ म्हणून दोन-चार पौंड चढवून घेणारेही आहेत. कडक स्प्रिंग मागचा मार वाचवते, पण स्लाइड पुढे तितक्याच जोरात आपटते, नळीचे तोंड खाली झुकते, आणि मोकळी फायरिंग पिन स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन काडतुसाच्या टोपीला टेकू शकते. म्हणूनच पेन्सिल्व्हेनियाची वुल्फ कंपनी १९११च्या स्प्रिंगबरोबर त्याच पाकिटात फायरिंग पिनची जादा जोराची स्प्रिंगही देते. ती बाजूला ठेवू नका, दोन्ही एकदम बदलून घ्या.

आपल्याकडे दोन ‘उपाय’ सर्रास चालतात आणि दोन्ही वाईट. पहिला, ढिली स्प्रिंग हाताने ताणून लांब करणे. ती लांब दिसते, काही गोळ्या बरी चालते आणि पुन्हा बसते, मधल्या मध्ये तारेला नको तो ताण देऊन. दुसरा, कडक वाटणारी स्प्रिंग पक्कडीने कापून आखूड करणे. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला उलट जास्त कडक होते आणि स्लाइड बंद असतानाचा तिचा दाब मात्र कमी होतो. म्हणजे जिथे जोर हवा तिथे तो गेला. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हव्या त्या मापाची स्प्रिंग मिळते हे खरे, पण तिथली तार कोणत्या पोलादाची, तिच्यावर उष्णतेची प्रक्रिया कशी झाली, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. पिस्तुलाच्या स्प्रिंगला सहसा म्युझिक वायर नावाची उच्च कार्बन पोलादाची तार किंवा क्रोम-सिलिकॉन पोलाद वापरतात.

मग मिळवायची कशी? टेक्सासमध्ये राहणारा मराठी माणूस स्प्रिंग पोस्टाने मागवतो आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बसवतो, कारण तिथल्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे फ्रेम, स्प्रिंग नव्हे. त्याचे व्हिडिओ पाहून इथे तसे करू नका. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच सुटे भाग येतात, आणि कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. परदेशी संकेतस्थळावरून मागवलेले पाकीट कस्टममध्ये अडकले तर स्प्रिंग तर जाईलच, वर खुलासा करत बसावे लागेल. साफसफाई आणि तपासणी तुमची. भाग मिळवणे आणि बदलणे परवानाधारक विक्रेत्याकडून, ज्याच्या परवान्यात दुरुस्ती लिहिलेली आहे त्याच्याकडूनच. खेळाडूंनी आपल्या रायफल क्लबमार्फत किंवा संघटनेमार्फत जावे. ईशापूरसारख्या सरकारी कारखान्यांतून आलेल्या .३२ पिस्तुलांसाठी विक्रेत्याला मॉडेल आणि नंबर देऊन कारखान्याचाच भाग मागवायला सांगा. जुन्या परदेशी पिस्तुलांना वेळ लागतो, म्हणून स्प्रिंग तुटण्याची वाट पाहू नये. दुकानात नेताना पिस्तूल रिकामे, पेटीत, आणि परवान्याचे पुस्तक सोबत. काम झाल्यावर पावतीवर ‘रिकॉइल स्प्रिंग बदलली’ एवढे लिहून घ्या.

पावसाळा आणि आचारसंहिता

कोकण, गोवा आणि मुंबई इथे जून ते सप्टेंबर हा स्प्रिंगच्या परीक्षेचा काळ. पिस्तूल कातडी होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात टाकणे ही सर्वांत घातक सवय. कातडे दमटपणा शोषते, आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात. होल्स्टर अंगावर मिरवण्यापुरते, ठेवायला कोरडे सुती फडके किंवा पेटी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्या महिन्याला बदला किंवा तापवून कोरड्या करा, एरवी त्यांचा उपयोग नाही. पावसाळ्यात दर पंधरवड्याने स्प्रिंग काढून पाहा, हाताचा घाम पुसा, शस्त्रांसाठीच्या तेलाचा पातळ थर द्या. थर म्हणजे बोटाला जाणवेल इतकाच. निथळते तेल धूळ धरते आणि तीच धूळ पुढे कानशीसारखी घासते.

तेलाचाही एक प्रश्न. शिलाई मशीनचे हलके खनिज तेल अडीअडचणीला चालते, पण लवकर उडून जाते. खोबरेल नको. आजोबा लावत असत हे खरे, पण वनस्पती तेल हवेने चिकट होत जाते, आणि खोबरेल तर २४ अंशांच्या आसपास गोठते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात त्या पिस्तुलाची स्लाइड मध्येच थांबली तर स्प्रिंगला बोल लावू नका.

निवडणुकांची आचारसंहिता लागली की जिल्हा छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या, त्यात काहींची पिस्तुले एका वर्षात दोनदा जमा झाली. ठाण्यातल्या कपाटात कोण तेल लावणार? जमा करण्याआधी पिस्तूल उघडून स्प्रिंग, रॉड, नळी यांना नेहमीपेक्षा थोडा जाडसर तेलाचा हात द्या, स्लाइड बंद ठेवा, तेलकट कागदात गुंडाळा, आणि होल्स्टर घरीच राहू द्या. जमा पावतीवर नंबर बरोबर आहे का, तेही तिथेच बघा. परत मिळाल्यावर काडतूस घालण्याआधी पुन्हा उघडा, जाड तेल पुसून काढा आणि वर सांगितलेली सावकाश सोडण्याची परीक्षा करा.

थोड्याच गोळ्या झाडणाऱ्या मालकाला एका वाक्यात आकडा हवा असतो. माझ्या अंदाजाने पिस्तूल किनारपट्टीवर असेल तर गोळी एकही न झाडता पाच वर्षांनी, कोरड्या हवेत असेल तर दहा वर्षांनी स्प्रिंग बदलून टाकावी, आणि नखाला खड्डा लागला तर त्याच आठवड्यात. वारशाने आलेल्या पिस्तुलाचा इतिहास माहीत नसेल तर पहिल्याच भेटीत विक्रेत्याला नवी घालायला सांगावे आणि वही त्या दिवसापासून सुरू करावी.

काढलेली जुनी स्प्रिंग ‘असू दे, लागेल’ म्हणून डब्यात टाकायची नाही. दोन वर्षांनी डब्यातली कोणती नवी आणि कोणती जुनी हे कोणालाच सांगता येत नाही. विक्रेत्याच्या समोरच तिचे तुकडे करून तिथेच सोडून या. राखीव नवी स्प्रिंग मिळाली असेल तर ती तिच्याच पाकिटात राहू द्या आणि पाकिटावर पिस्तुलाचे मॉडेल, पौंडांचा आकडा आणि खरेदीची तारीख पक्क्या शाईने लिहा.